सकाळी ३.१, दुपारी २.६: यूव्हीवर हळदीच्या करक्युमिनचा आकडा हलतो तेव्हा

हळदीचं एकच पोतं, एकाच बरणीतला नमुना, तेच यूव्ही मशीन (द्रावण ठरावीक प्रकाश किती शोषतं ते मोजणारं). सकाळी करक्युमिन, म्हणजे हळदीचं पिवळं रंगद्रव्य, ३.१ टक्के येतं, जेवणाच्या सुट्टीनंतर २.६. खरेदीची अट ३ टक्क्यांची असेल तर सकाळच्या आकड्यावर माल पास आणि दुपारच्या आकड्यावर नापास. आयुर्वेदिक औषधं बनवणाऱ्या कारखान्यांच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) विभागात मी बरीच वर्षं काढली. ही तक्रार इतक्या वेळा सोडवली आहे की आता कुठून सुरुवात करायची हे पाठ झालं आहे. ते इथे क्रमाने लिहिते.

लक्षणं आधी नीट बघा, कारण प्रत्येक लक्षण वेगळ्या जागी बोट दाखवतं.

- तेच द्रावण क्युव्हेटमध्ये (मशीनमध्ये ठेवायच्या छोट्या चौकोनी भांड्यात) ठेवून पाच-पाच मिनिटांनी वाचलं की आकडा हळूहळू उतरत जातो. इथे बहुतेक वेळा करक्युमिनच मोडत असतं.
- आकडा हळूहळू चढत जातो. झाकण नसलेल्या क्युव्हेटमधून इथेनॉल उडतं आहे, किंवा मशीन अजून तापलेलं नाही.
- आकडा एका जागी थांबतच नाही, शेवटचे दोन अंक नाचत राहतात. बुडबुडा, तरंगणारे कण, लॅम्प किंवा विजेचा दाब.
- प्रत्येक द्रावण स्थिर आहे, पण तीन वेळा वजन करून केलेल्या तीन द्रावणांची तीन उत्तरं. दोष मशीनच्या बाहेर आहे.
- सगळं आपसात जुळतं, पण बाहेरच्या लॅबच्या आकड्याशी कधीच जुळत नाही. याचं उत्तर शोधायला सर्वात जास्त वेळ लागतो.

हिशोबाचा पाया एकदा सांगते, म्हणजे पुढचे आकडे कळतील. ०.१ ग्रॅम हळदीची भुकटी इथेनॉलमध्ये रिफ्लक्स करून (वाफ थंड होऊन परत आत पडेल असं उकळून), गाळून १०० मि.लि. करायची. त्यातलं १ मि.लि. घेऊन पुन्हा १० मि.लि. करायचं आणि ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीला वाचायचं. शुद्ध करक्युमिनच्या एक टक्का द्रावणाचा एक सेंटिमीटर क्युव्हेटमधला, प्रकाश किती शोषला गेला ते दाखवणारा, अ‍ॅब्सॉर्बन्स १६०७ धरतात. त्यावरून या पद्धतीत करक्युमिनचे टक्के म्हणजे अ‍ॅब्सॉर्बन्स गुणिले ६.२२. म्हणजे ३.१ टक्क्यांना साधारण ०.५०, आणि २.६ ला ०.४२. सगळं भांडण या ०.०८ चं आहे, आणि ०.०८ कुठूनही येऊ शकतात.

फुकट आणि पाच मिनिटांत होणाऱ्या तपासण्या

क्युव्हेट उजेडासमोर धरा. दोन बाजू पारदर्शक, दोन खरखरीत. बोटं फक्त खरखरीत बाजूंना लागली पाहिजेत. पारदर्शक बाजूवर हळदीचा हात लागला तर तो पुसट डाग थेट अ‍ॅब्सॉर्बन्समध्ये मोजला जातो. मऊ टिश्यूने पुसा, आत बुडबुडा असेल तर हलकी टिचकी मारा, आणि क्युव्हेट दर वेळी एकाच दिशेने ठेवा. मग दोन्ही क्युव्हेटमध्ये नुसतं इथेनॉल भरून ४२५ ला वाचा. दोघींमध्ये ०.००५ पेक्षा जास्त फरक दिसला तर मी ती जोडी वापरत नाही.

ब्लँकसाठी (नमुना नसलेलं, शून्य धरायचं द्रावण) त्याच बाटलीतलं इथेनॉल घ्या ज्यात नमुना काढला. दुसरी बाटली उघडली की ब्लँक नव्याने.

मशीन सुरू करून अर्धा तास झाला का? सकाळी घाईत पहिल्या दहा मिनिटांत घेतलेली रीडिंग मी धरतच नाही. लॅम्प स्थिर व्हायला वेळ लागतो.

या तीन गोष्टींत एकूण तक्रारींपैकी बऱ्याच संपतात. नाही संपल्या तर पुढची तपासणी करा. ती मला सर्वात महत्त्वाची वाटते.

दोष द्रावणात की मशीनमध्ये: आधी हे ठरवा

पोटॅशियम डायक्रोमेटचं विरळ आम्लातलं द्रावण एका क्युव्हेटमध्ये भरून झाकण लावा. हळदीचं द्रावण दुसऱ्या क्युव्हेटमध्ये, तेही झाकण लावून. दोन्ही ४२५ ला दर पाच मिनिटांनी अर्धा तास आळीपाळीने वाचा. डायक्रोमेट अतिशय स्थिर असतं. त्याचा आकडा जागेवर राहिला आणि हळदीचा सरकला, तर मशीनचा काही दोष नाही, उगीच सर्व्हिस इंजिनिअरला बोलवू नका. दोन्ही सरकले तर द्रावणाच्या मागे लागून वेळ घालवू नका, थेट मशीनच्या भागाकडे जा. ज्या लॅबमध्ये ही तपासणी आधी करत नाहीत तिथे लोक आठवडाभर इथेनॉल बदलत बसतात आणि शेवटी कळतं की लॅम्प गेला होता.

डायक्रोमेट विषारी आहे. हातमोजे घाला, आणि ते सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा.

उजेड

सकाळ-दुपारच्या फरकाचं माझ्या अनुभवातलं पहिल्या नंबरचं कारण हेच. एका लॅबमध्ये आकडा रोज दुपारी दोननंतर पडायचा. तिथल्या मुलीने विजेच्या दाबाची नोंद ठेवली, इथेनॉल बदललं, वजनकाटा तपासून घेतला. काहीही हाती लागलं नाही. मी गेले तेव्हा जेवणाची सुट्टी होती. तिच्या पाच फ्लास्क ओट्यावर रांगेने ठेवल्या होत्या. उन्हाची पट्टी पश्चिमेच्या खिडकीतून आत आली होती आणि पहिल्या दोन फ्लास्कवर पडली होती. पिवळंधमक द्रावण, उन्हात चकाकणारं. सुट्टी संपेपर्यंत ती पट्टी पाचही फ्लास्कवर सरकत गेली.

करक्युमिन उजेडात मोडतं. विरळ द्रावणात तर फारच लवकर. तपासायचं असेल तर एकाच द्रावणाचे दोन भाग करा. एक अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवा, दुसरा तासभर खिडकीत, आणि मग दोन्ही वाचा. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की पुन्हा कुणी फ्लास्क उघडी ठेवत नाही. उपाय जवळजवळ फुकट: तपकिरी काचेच्या फ्लास्क, नाहीतर साध्या फ्लास्कला फॉइल. विरळ द्रावण केल्यावर लगेच वाचायचं, सुट्टीनंतर नाही.

घट्टपणा

अ‍ॅब्सॉर्बन्स १ म्हणजे प्रकाशाचा दहावा हिस्सा पार जातो, २ म्हणजे शंभरावा, ३ म्हणजे हजारावा. मशीनच्या आत इकडून तिकडून फिरणारा भटका प्रकाश अगदी ०.१ टक्का जरी असला, तरी खरा अ‍ॅब्सॉर्बन्स ३ असलेलं द्रावण मशीन २.७ दाखवतं. २ असेल तर १.९६. आणि १ असेल तर जवळजवळ बरोबर. म्हणून घट्ट द्रावण नेहमी कमी दाखवतं. ते पाहून लोकांना वाटतं हळद हलकी आहे.

मी ०.२ ते ०.८ च्या बाहेरचं रीडिंग स्वीकारत नाही. वरच्या पद्धतीत दुसरं डायल्यूशन विसरलं तर ३ टक्के हळदीचा खरा अ‍ॅब्सॉर्बन्स ४.८ होतो. तो आकडा मशीनवर दिसणारच नाही, काहीतरी ३ च्या आसपासचं दिसेल आणि त्यावर हिशोब होईल. खात्री करायची तर द्रावण निम्मं करा. अ‍ॅब्सॉर्बन्सही निम्मा झाला पाहिजे. झाला नाही तर पहिलं रीडिंग टाकून द्या.

गढूळपणा

४२५ ला वाचून झालं की ६५० नॅनोमीटरलाही वाचा. करक्युमिन तिथे प्रकाश शोषत नाही, त्यामुळे आकडा शून्याजवळ हवा. ०.०३, ०.०५ आला तर बारीक कण प्रकाश विखुरत आहेत आणि तेवढा अ‍ॅब्सॉर्बन्स करक्युमिनच्या नावावर जमा होतो आहे. बारीक फिल्टर पेपरने किंवा ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरने गाळा, पहिले दोन-तीन मि.लि. टाकून द्या, कारण फिल्टर स्वतः थोडा रंग धरतो. हळदीतला स्टार्च गाळणीतून निसटतो, म्हणून ही तपासणी मी दर नमुन्याला करते. अर्धा मिनिट लागतो.

धुतलेली भांडी

हळदीचा डाग आणि साबण एकत्र आले की लाल होतं हे घरात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तेच फ्लास्कमध्ये होतं. साबण-सोड्यासारख्या अल्कलीत करक्युमिनचा रंग लालसर होतो आणि मग ते झपाट्याने मोडतं. सोडा किंवा डिटर्जंटने धुतलेली फ्लास्क नीट विसळली नसेल तर तिच्यातला नमुना आकडा उतरवत राहतो आणि शेजारच्या फ्लास्कमधला नाही. तीन द्रावणं, तीन उत्तरं, यामागे मला हे कारण अनेकदा सापडलं. शेवटचं विसळणं डिस्टिल्ड पाण्याने, मग थोड्या इथेनॉलने. शंका असेल तर शेवटच्या विसळलेल्या पाण्यात पीएच पेपर बुडवा.

गरम फ्लास्क, वजन आणि उरलेला चोथा

इथेनॉल दर अंश सेल्सिअसला साधारण ०.११ टक्का फुगतं. रिफ्लक्स करून ५० अंशांवरचं द्रावण घाईत १०० मि.लि.च्या खुणेपर्यंत भरलं आणि ते २७ अंशांवर आलं, की पातळी खुणेच्या खाली उतरते आणि द्रावण अडीच टक्क्यांनी घट्ट होतं. आपल्याकडच्या फ्लास्कवर २७ अंश छापलेलं असतं, त्याला कारण आहे. थंड होऊ द्या, मगच खुणेपर्यंत भरा.

०.१ ग्रॅम वजन मिलिग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या काट्यावर घेऊ नका. एका मिलिग्रॅमची चूक म्हणजे उत्तरात एक टक्का. चार दशांश दाखवणारा काटा लागतो, आणि वजन करताना पंखा बंद.

गाळून उरलेला चोथा पुन्हा थोड्या इथेनॉलमध्ये उकळा. इथेनॉल परत पिवळं झालं तर पहिल्या वेळी करक्युमिन पूर्ण निघालंच नव्हतं. भुकटी जाडी आहे किंवा रिफ्लक्सची वेळ कमी आहे. बाहेरच्या लॅबचा आकडा कायम तुमच्यापेक्षा जास्त येत असेल तर आधी इथे बघा.

नमुनाच बदलला असेल तर

पावसाळ्यात भुकटी ओलावा धरते. ओलावा ८ टक्क्यांवरून १२ वर गेला तर ३.० टक्के करक्युमिन असलेली तीच हळद २.८७ दाखवते. हळद बिघडलेली नाही, तुम्ही पाणी जास्त तोललं. म्हणून आकडा कोरड्या वजनावर काढा, आणि ओलाव्यासाठी टोल्युइनचं ऊर्ध्वपातन वापरा. नुसतं १०५ अंशांवर वाळवलं तर हळदीतलं उडणारं तेलही पाण्यात मोजलं जातं.

पोत्यातला नमुना वरून मूठभर घेऊन चालत नाही. वरचा, मधला, तळचा भाग घ्या, एकत्र करून ढीग करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा तेच करा. सांगलीच्या बाजारात निरनिराळ्या भागांतला आणि वाणांचा माल येतो, आणि करक्युमिन वाणाप्रमाणे बदलतं. वर्ध्याच्या वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात तिच्या जास्त करक्युमिनचा मोठा वाटा आहे. दोन वाण एका पोत्यात मिसळले असतील तर मूठभर नमुना काहीही सांगेल.

आता मशीन

इथे पैसे आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून हे शेवटी.

दृश्य भागासाठी ५७ ते ६३ मिलिग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट ०.००५ मोलर सल्फ्युरिक आम्लात १०० मि.लि. करा आणि ४३० नॅनोमीटरला वाचा. एक टक्क्याला पडणारा आकडा १५.७ ते १६.१ च्या मधे आला पाहिजे. हा आला तर मशीनचा अ‍ॅब्सॉर्बन्स या भागात विश्वासाचा आहे. तरंगलांबी होल्मियमच्या फिल्टरने (ठरलेल्या तरंगलांबींवर शिखरं देणाऱ्या काचेने) तपासा. भटक्या प्रकाशासाठी १.२ टक्के पोटॅशियम क्लोराइड १९८ नॅनोमीटरला वाचा. २ च्या वर हवं.

या तिन्ही नोंदी दर महिन्याला वहीत असतील तर बिघाड कधी सुरू झाला ते तारखेसकट दिसतं. नसतील तर आजपासून ठेवा.

४२५ ला टंगस्टन लॅम्प वापरला जातो. त्याची काच काळवंडली असेल तर तो बदलायला झाला, आणि आकडा नाचत असेल तर आधी यूपीएस किंवा स्टॅबिलायझर तपासा. औद्योगिक वसाहतीत शेजारची मोठी मोटर सुरू झाली की आकडा हलतो, हे मी स्वतः घड्याळ लावून पाहिलं आहे. लॅम्प बदलायची परवानगी मशीनच्या पुस्तिकेत असेल तरच बदला: मशीन बंद, प्लग काढलेला, लॅम्प पूर्ण थंड, आणि नव्या लॅम्पच्या काचेला उघड्या बोटांचा स्पर्श नको. हाताचा तेलकटपणा तापून काच तडकते.

इथे थांबा. ड्युटेरियम लॅम्प (अतिनील भागासाठीचा दुसरा लॅम्प) स्वतः उघडू नका. त्याचा वीजपुरवठा उच्च दाबाचा असतो आणि त्याचा प्रकाश डोळ्यांना इजा करतो. पावसाळ्यात आतल्या आरशांवर बुरशीचे ठिपके दिसले तर काहीही झालं तरी पुसू नका. आरशावरचा अ‍ॅल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की एका पुसण्यात तो ओरखडतो आणि मग आरसाच बदलावा लागतो. नवा लॅम्प बसवूनही डायक्रोमेटचा आकडा बाहेर राहिला, होल्मियमची शिखरं सरकलेली दिसली किंवा पोटॅशियम क्लोराइड २ च्या खाली आलं, तर सर्व्हिस इंजिनिअरला बोलवायचं. तोपर्यंत त्या मशीनवर एकही औषधी नमुना पास करायचा नाही.

आकडा स्थिर आहे, पण हळद खरी आहे का?

सगळं जमलं, आकडा दिवसभर ३.१ वर ठाम राहिला, तरी त्याचा अर्थ एवढाच की ४२५ नॅनोमीटरचा प्रकाश शोषणारं काहीतरी इतकं आहे. मेटॅनिल येलोसारखा पिवळा रंगही याच भागात शोषतो. म्हणजे भेसळ असलेली हळद इथे चांगली ठरू शकते. म्हणून मी नुसता एक आकडा कधीच स्वीकारत नाही. ३५० ते ५५० असा पूर्ण स्कॅन घेऊन तो शुद्ध करक्युमिनच्या स्कॅनवर ठेवून बघते. शिखर सरकलेलं किंवा एक बाजू फुगलेली दिसली की लगेच संशय घ्यायचा.

त्याआधीची स्वस्त तपासणी: चिमूटभर भुकटी थंड पाण्यात हलवा आणि गाळा. करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मेटॅनिल येलो विरघळतो. गाळलेल्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थोडे थेंब टाकले आणि पाणी गुलाबी-जांभळं झालं, तर ती हळद औषधात जाऊ देऊ नका.

लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला भेसळीचा पिवळा रंग, तर त्याहून वाईट, कारण ते इथेनॉलमध्ये विरघळतच नाही. ते गाळणीवर राहतं, ४२५ च्या आकड्यात कुठेही दिसत नाही, आणि औषध घेणाऱ्याच्या पोटात मात्र शिसं जातं. बांगलादेशात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांच्या रक्तातल्या शिशाचा धागा अशाच हळदीपर्यंत पोचला. यूव्हीवर हे कधीही सापडणार नाही. प्रत्येक पुरवठादाराच्या मालाची जड धातूंची तपासणी आयसीपी-एमएस किंवा अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनवर करून घ्या, मग तुमचा करक्युमिनचा आकडा कितीही सुंदर येवो.

करक्युमिन आणि त्याचे हळदीतले दोन भाऊबंद, डीमेथॉक्सी आणि बिसडीमेथॉक्सी, हे तिघं वेगवेगळे मोजायचे असतील, स्कॅनचा आकार संशयास्पद असेल किंवा तुमचा आणि पुरवठादाराचा आकडा भांडणात असेल, तर एचपीएलसी (घटक एकमेकांपासून वेगळे करून मोजणारं मशीन) लागतं. १९४५ च्या औषध नियमांतल्या १६०-ए ते १६०-जे खाली आयुर्वेदिक औषधांच्या तपासणीसाठी मान्यता मिळालेल्या लॅबकडे नमुना पाठवा.

पाठवताना चौभागी करून काढलेल्या नमुन्याचे तीन भाग करा. एक लॅबला, एक पुरवठादारासमोर सीलबंद, एक तुमच्याकडे, तिन्ही फॉइलमध्ये आणि कोरड्या जागी. पोत्यांवर तपासणी सुरू असल्याची चिठ्ठी लावा, तारीख आणि डायक्रोमेटचा त्या दिवशीचा आकडा त्याच चिठ्ठीवर लिहा. उत्तर येईपर्यंत त्यातलं एक किलोही चूर्णाच्या मिक्सरकडे जाऊ देऊ नका.